सापडलेल्या विमानाचं करायचं काय?



२०२० च्या जुलै महिन्यातली गोष्ट. फ्रान्समधल्या शामोनी गावाच्या वर, १,३५० मीटर उंचीवर, बोसाँ हिमनदीच्या शेजारी एक छोटं उपाहारगृह आहे. त्याच्या मालकाला हिमनदीवर वर्तमानपत्रांचा भिजका गठ्ठा दिसला. भोवतालचं बर्फ नुकतंच वितळलं होतं, त्यामुळे कागदाचा अजून लगदा झाला नव्हता. त्याने एकेक अंक अलगद सोडवला आणि वाळत घातला. डझनभर अंक निघाले. त्यांत ‘नॅशनल हेरल्ड’ होता, ‘इकॉनॉमिक टाइम्स’ होता. महिना जानेवारी, साल १९६६. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं आणि मथळ्यात होत्या भारताच्या पहिल्या महिला पंतप्रधान.

आल्प्सच्या बर्फात भारतातली वर्तमानपत्रं कुठून आली, हे शामोनीत कुणाला सांगावं लागत नाही. २४ जानेवारी १९६६ च्या सकाळी एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोईंग ७०७ विमान माँ ब्लाँच्या शिखराजवळ आदळलं. मुंबईहून निघून दिल्ली, बैरुत करत ते जिनिव्हाला उतरणार होतं आणि पुढे लंडनला जाणार होतं. विमानात ११७ माणसं होती. एकही जण वाचला नाही. त्यांत अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा होते, व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघालेले. इंदिरा गांधींची काँग्रेस संसदीय पक्षाच्या नेतेपदी निवड झाली १९ जानेवारीला. तीच बातमी विमानातल्या अंकांत होती. त्यांचा शपथविधी झाला तो दिवस मात्र नेमका २४ जानेवारीचा, अपघाताचाच.

दुर्गम जागी सापडलेलं जुनं विमान म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आधी रहस्य उभं राहतं. विमान कुणाचं? पडलं कसं? आत काय होतं? प्रत्यक्षात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बऱ्याचदा आधीच कुठल्यातरी कपाटात पडून असतात. न सुटलेला प्रश्न नंतर येतो. सापडलेल्याचं करायचं काय, आणि ते ठरवायचं कुणी? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच न सुटलेला प्रश्न आहे. त्यासाठी आल्प्स, अँडीज, रोहतांगपलीकडचा लाहौल आणि अरुणाचलचं जंगल अशी फेरी मारायची आहे. वाटेत थोडा वेळ जुन्नरलाही थांबायचं आहे.

माँ ब्लाँवर आदळलेलं ‘कांचनजंगा’ हे एअर इंडियाचं पहिलं विमान नव्हतं. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचं लॉकहीड कॉन्स्टलेशन जातीचं विमान तिथेच, शिखराखालच्या तुर्नेत खडकाच्या परिसरात कोसळलं होतं. मुंबईहून कैरोमार्गे तेही जिनिव्हाकडेच निघालं होतं. त्यात ४८ जण होते आणि बहुतेक प्रवासी इंग्लंडमध्ये जहाजावर रुजू व्हायला निघालेले भारतीय खलाशी होते. वादळी हवेत शामोनीहून मदतपथक निघालं. त्यातला रने पायो हा वाटाड्या वाटेतच मरण पावला. वर कुणी जिवंत असण्याची आशा जवळजवळ नव्हती, तरी माणसं गेली. या घटनेवरून प्रेरणा घेऊन आंरी त्रोया यांनी कादंबरी लिहिली आणि १९५६ मध्ये हॉलिवूडने तिच्यावर स्पेन्सर ट्रेसीला घेऊन ‘द माउंटन’ हा चित्रपट काढला.

म्हणजे सोळा वर्षांत एकाच कंपनीची दोन विमानं एकाच डोंगराच्या माथ्याशी गेली. दोन्हींचे अवशेष एकाच हिमनदीच्या पोटात शिरले. आणि गेली चार-पाच दशकं ती हिमनदी ते हप्त्याहप्त्याने परत करते आहे.

ती असं का करते, हे समजून घेण्यासारखं आहे. माँ ब्लाँचं शिखर ४,८०० मीटरहून उंच. तिथून बोसाँ हिमनदी जवळजवळ शामोनीच्या खोऱ्यापर्यंत उतरते. इतकी थेट उतरण युरोपातल्या दुसऱ्या हिमनदीला नाही. वरच्या भागात दर हिवाळ्यात नवं बर्फ पडतं, ते जुन्याला दाबतं आणि पडलेली वस्तू वर्षागणिक खोल जाते. खालच्या भागात उलटा कारभार. तिथे दर उन्हाळ्यात वरचा थर वितळतो आणि खोल गेलेली वस्तू पृष्ठभागाकडे येऊ लागते. मधल्या काळात सगळा बर्फाचा लोंढा थंडीत घट्ट झालेल्या काकवीसारखा उतारावरून सरकत असतो. मधोमध वेग जास्त, कडेला आणि तळाशी कमी. म्हणून एकाच विमानाचं चाक एका दशकात वर येतं, टपालाची पिशवी दुसऱ्या दशकात, आणि दोन्हींच्या जागांत शेकडो मीटरचं अंतर पडतं. वाटेत बर्फाचं ओझं आणि भेगांची उघडझाप धातू पिळवटून टाकते. पूर्ण विमान कधीच सापडत नाही. सापडतात ते तुकडे.

हे गणित विमानांच्या आधीपासून माहीत होतं. १८२० मध्ये डॉ. हामेल यांच्या माँ ब्लाँ मोहिमेवर हिमकडा कोसळला आणि तीन वाटाडे भेगेत गडप झाले. पुढे जेम्स फोर्ब्स या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हिमनद्यांचा वेग मोजला आणि हे देह सुमारे चाळीस वर्षांनी खाली निघतील, असं भाकीत केलं. १८६१ मध्ये, म्हणजे एकेचाळीस वर्षांनी, बोसाँच्या खालच्या टोकाशी अवशेष दिसू लागले. त्या मोहिमेतून वाचलेला एक म्हातारा वाटाडा ते ओळखायला अजून हयात होता. मार्क ट्वेनने आपल्या युरोपच्या प्रवासवर्णनात हा प्रसंग सविस्तर सांगितला आहे. शामोनीची माणसं त्यामुळे एका गोष्टीला सरावलेली आहेत. डोंगराने नेलेलं परत येऊ शकतं आणि ते आलं की खाली कळवायचं असतं.

विमानांच्या बाबतीत ही सवय कामी आली. १९७८ मध्ये डोंगरी पोलिसांच्या एका अधिकाऱ्याला हिमनदीच्या खालच्या भागात ‘मलबार प्रिन्सेस’मधली टपालाची पिशवी सापडली. आत ५७ पत्रं होती. त्यांतली ५५ मूळ पत्त्यांवर रवाना झाली, अठ्ठावीस वर्षं उशिरा. पत्र ज्याच्या नावचं त्याचं, हा टपालाचा साधा नियम तिथे कुणी मोडला नाही.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये निघाली दुसरी पिशवी, ‘कांचनजंगा’तली. तागाची, सुमारे नऊ किलोची, भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का असलेली राजनैतिक टपालाची पिशवी. ती सापडली डोंगरी बचावपथकातल्या एका माणसाला आणि त्याच्या मित्राला. या बातमीने भारतात काही लोकांचे कान टवकारले, कारण त्या विमानात भाभा होते. पिशवी उघडली तेव्हा त्यात वर्तमानपत्रं, दिनदर्शिका आणि पत्रं निघाली. भारतीय वकिलातीने माणूस पाठवून ती ताब्यात घेतली. राजनैतिक टपालाच्या पिशवीत बहुधा जे असतं तेच तिच्यात होतं.

आणि मग रत्नं. २०१३ मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला बर्फात धातूची एक छोटी पेटी सापडली. आत बारीक पुड्या आणि त्यांत पाचू, माणिक, नीलम. काही पुड्यांवर भारताचं नाव छापलेलं. आजूबाजूला कुणी नाही, पाहिलं कुणी नाही. तो खाली उतरला आणि पेटी थेट पोलीस ठाण्यात नेऊन दिली. फ्रेंच प्रशासनाने त्यानंतर वारसांचा माग काढण्यात आठ वर्षं घालवली. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये मालाची निम्मी-निम्मी वाटणी झाली. अर्धा शामोनी नगरपालिकेला, कारण जमीन तिची. अर्धा त्या गिर्यारोहकाला, कारण सापडली त्याला. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे दीड लाख युरोचा ऐवज आला.

त्याचा प्रामाणिकपणा वाखाणावा तेवढा थोडा, पण इथे मुद्दा थोडा वेगळा आहे. पेटी खिशात घालून तो घरी गेला असता, तर ती चोरीची रत्नं झाली असती. कुठून आली हे सांगता न येणारी, म्हणून कुणाला दाखवताही न येणारी. ठाण्यात नोंद झाली आणि तीच रत्नं १९६६ च्या अपघाताचा पुरावा झाली. सापडलेली वस्तू आपल्यासोबत स्वतःची हकिकत घेऊन येत नाही. ती हकिकत जोडून ठेवण्याचं काम वस्तू ज्याला सापडली त्याला करावं लागतं. जागा कोणती, दिवस कोणता, शेजारी काय पडलं होतं. एवढं पुसलं की उरते भंगाराची किंमत, फार तर जवाहिऱ्याची.

आता थोडं कारणांकडे. अशी विमानं इतक्या आडजागी पडतात कशी? माँ ब्लाँ, अँडीज आणि जुन्नर या तीन ठिकाणांची नावं एकत्र घेण्याचं कारण इथे आहे.

२ ऑगस्ट १९४७. ‘स्टार डस्ट’ नावाचं ब्रिटिश साउथ अमेरिकन एअरवेजचं लँकॅस्ट्रियन विमान ब्युनोस आयरेसहून चिलीच्या सँटियागोला निघालं. आत अकरा जण. उतरायला चार मिनिटं उरली असल्याचा संदेश आला. त्याच्या शेवटी बिनतारी यंत्रावर ‘स्टेंडेक’ असा अर्थ न लागणारा शब्द होता. सँटियागोच्या माणसाने पुन्हा विचारलं, तर तोच शब्द पुन्हा आला. नंतर काही नाही. पुढची पन्नास वर्षं उडत्या तबकड्यांपासून हेरगिरीपर्यंत सगळे तर्क लढवून झाले. १९९८ मध्ये तुपुंगातो शिखराच्या हिमनदीवर अर्जेंटिनाच्या दोन गिर्यारोहकांना रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनाचा सांगाडा आणि कपड्यांच्या चिंध्या दिसल्या. २००० मध्ये लष्कराची मोहीम वर गेली.

त्या मोहिमेने अवशेष कसे वाचले हे पाहण्यासारखं आहे. पंख्याची पाती ज्या तऱ्हेने वाकली होती त्यावरून आदळताना इंजिन जवळजवळ नेहमीच्या वेगाने फिरत होतं, हे कळलं. एक चाक मिळालं, त्याच्या टायरमध्ये अजून हवा होती. चाकं पोटात ओढून घेतलेली होती. अर्थ असा, की विमानात बिघाड नव्हता, स्फोट नव्हता, आणीबाणीत उतरण्याचा प्रयत्नही नव्हता. ढगांच्या वर, प्रचंड उंचीवर, समोरून अतिवेगवान वारा वाहत होता. तेव्हा त्याची माहिती फार थोड्यांना होती. त्याच्याशी झुंजत विमान हिशेबापेक्षा फार सावकाश पुढे सरकत होतं. वैमानिकाला वाटलं, अँडीज मागे पडला. त्याने विमान खाली घ्यायला सुरुवात केली. अँडीज अजून समोरच होता.

७ जुलै १९६२ चा जुन्नरचा अपघात हा असाच. अलितालिया कंपनीचं डीसी-८ विमान सिडनीहून रोमला चाललं होतं, बँकॉकचा मुक्काम आटोपून मुंबईत उतरण्याच्या बेतात होतं. मध्यरात्र, पावसाळी हवा. दिशा आणि अंतर यांच्या हिशेबात चूक झाली. मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली असं वैमानिकाला वाटलं आणि विमान वेळेआधीच खाली येऊ लागलं. मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटरवर, जुन्नरच्या भागातल्या डोंगराच्या माथ्याला ते थडकलं. ९४ जण गेले. आज त्याच सह्याद्रीत शनिवार-रविवारी ट्रेकची गर्दी असते. त्यांतल्या किती जणांच्या कानावर हा अपघात असेल, हा प्रश्न या सभागृहातही विचारता येईल.

‘कांचनजंगा’च्या चौकशीत फ्रेंच आयोगाने काढलेला निष्कर्षही याच वळणाचा आहे. दिशा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रांपैकी एक बंद आहे, हे बैरुतहून निघतानाच वैमानिकाला माहीत होतं. त्याने माँ ब्लाँसापेक्ष आपली जागा सांगितली, ती चुकीची होती. जिनिव्हाच्या रडारवरच्या नियंत्रकाला चूक दिसली. माँ ब्लाँला अजून पाच मैल आहेत, असं त्याने कळवलं. पण ते इतक्या त्रोटक शब्दांत, की ही दुरुस्ती आहे असं विमानात कुणाच्या लक्षात आलं नाही. कडा ओलांडला, अशाच समजुतीत विमान उतरत राहिलं. भाभांच्या मृत्यूभोवती घातपाताच्या कहाण्या अधूनमधून नव्याने फिरतात. हिमनदीवर काही सापडलं की त्यांना नवा भरही येतो. पण चौकशीच्या अहवालात जे आहे ते हे आहे, आणि ते पुरेसं भयंकर आहे.

या तीन अपघातांत वैमानिकाच्या मनातलं विमान प्रत्यक्षातल्या विमानाच्या काही मैल पुढे होतं. म्हणून शोधणाऱ्यांनाही अडचण येते. शेवटचा संदेश जिथून आला असं मानलं जातं तिथे ते शोधतात आणि विमान वेगळ्याच डोंगरात पडलेलं असतं. ‘स्टार डस्ट’च्या वेळी नेमकं हेच झालं. ठरवून काढलेल्या शोधमोहिमा मोकळ्या हातांनी परततात आणि पुढे कधीतरी दुसऱ्याच कामाला निघालेल्या गिर्यारोहकाला, शिकाऱ्याला, गुराख्याला विमान सापडतं, ते यामुळे.

भारतात याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे वायुसेनेचं एएन-१२ विमान. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंडीगडहून लेहला निघालेल्या या विमानात १०२ जण होते, बहुतेक जवान. हवा बिघडली, विमान मागे वळलं आणि रोहतांगच्या आसपास संपर्क तुटला. पस्तीस वर्षं काहीच हाती आलं नाही. २००३ मध्ये मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेची मोहीम चंद्रभागा गटातल्या शिखराकडे निघाली होती. त्यांना लाहौलमधल्या ढाका हिमनदीवर अवशेष दिसले आणि त्यांतच एका जवानाचा देह. तिथून लष्कराच्या मोहिमा सुरू झाल्या. २०१८ मध्ये पुन्हा काही दिसलं, तेही शोधपथकाला नाही. गिर्यारोहकांनी मागे टाकलेला कचरा उचलायला गेलेल्या चमूला. २०१९ मध्ये इंजिन, पंखा, दरवाजा असे भाग खाली आणले गेले.

सप्टेंबर २०२४ मध्ये लष्कराच्या डोग्रा स्काउट्सच्या तुकडीला आणखी चार देह मिळाले. अपघाताला छप्पन्न वर्षं झाली होती. खिशात राहिलेले लष्करी कागद ओळख पटवायला उपयोगी पडले. वर्षाला जेमतेम काही आठवडे ती जागा पायाखाली घालता येते. उंची, थंडी, भेगा यांचा मुकाबला करत चार देह खाली आणायचे आणि केरळपासून उत्तराखंडपर्यंत वेगवेगळ्या गावी पोहोचवायचे, हे काम काही सोपं नाही. जो जवान विशीत घरातून निघाला, त्याला निरोप द्यायला त्याची म्हातारी झालेली भावंडं उभी होती. कुटुंबाला मिळालं काय? उत्तर सरकारी भाषेत देता येईल. ‘बेपत्ता’ या नोंदीच्या जागी अंत्यसंस्काराची तारीख आली. ज्यांच्या घरात अशी नोंद कधी आली नाही त्यांना या बदलाचं मोल कळणं कठीण आहे.

अरुणाचलात गोष्ट वेगळं वळण घेते. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ता तोडला. तेव्हा दोस्तराष्ट्रांनी आसामातल्या छाबुआ, दिंजान, मोहनबारी, जोरहाट अशा धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्व टोकावरून थेट चीनमधल्या कुनमिंगला रसद नेली. वैमानिक या मार्गाला ‘हंप’ म्हणजे मदार म्हणत. १९४५ पर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल या वाटेने गेला आणि सहाशेच्या आसपास विमानं गमावली गेली. मोसमी ढग, पंखांवर साचणारं बर्फ, अचूक नकाशांचा अभाव आणि तीन हजार, चार हजार मीटरच्या रांगांमागून रांगा. खाली चकाकणाऱ्या अवशेषांकडे पाहून मोकळ्या हवेत वाट काढता येते, असं वैमानिक म्हणायचे. त्या वाटेचं त्यांनी ठेवलेलं नावच अॅल्युमिनियमवरून होतं.

ही विमानं ‘सापडतात’ असं आपण म्हणतो तेव्हा जरा थबकायला हवं. मिश्मी, आदी, लिसू जमातींच्या शिकाऱ्यांना त्यांतली कितीतरी विमानं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. जंगलात पडलेला हलका, न गंजणारा, हातोडीला सहज वळणारा पत्रा त्यांनी वाया घालवला नाही. त्याची भांडी झाली, छपराला लागला. दिल्ली-वॉशिंग्टनच्या दृष्टीने जे विमान बेपत्ता होतं, ते गावाच्या दृष्टीने धातूची खाण होतं. यात लूटमार पाहणं चुकीचं होईल. त्या लोकांना कुणी सांगितलंच नव्हतं की हे कुणाचं तरी आहे. आणि विमानाच्या आत मेलेला माणूस त्यांच्या युद्धात मेला नव्हता, त्यांच्या रानात मेला होता.

गेल्या वीसेक वर्षांत मात्र या रानवाटांची माहिती कामाला आली. ‘हॉट अॅज हेल’ हे बी-२४ बॉम्बर विमान २५ जानेवारी १९४४ ला आठ जणांसह नाहीसं झालं होतं. २००६ मध्ये अप्पर सियांगमध्ये ते शोधून निश्चित केलं गेलं. तिथल्या काही अवशेषांचा ताबा २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत अमेरिकेकडे दिला गेला आणि २०१७ मध्ये त्या आठांपैकी एकाचा दफनविधी त्याच्या जॉर्जिया राज्यातल्या गावी झाला. २०१९ मध्ये लोअर दिबांगमध्ये लष्कराची गस्ती तुकडी स्थानिक वाटाड्यांच्या मदतीने बर्फातून अशाच एका अवशेषापर्यंत पोचली. पासीघाटला २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘हंप’चं संग्रहालय उघडलं. आजूबाजूच्या डोंगरांतून आणलेले भाग तिथे आहेत.

या शोधाची किंमतही सांगितली पाहिजे. १९४५ च्या जानेवारीत तेरा जणांसह गडप झालेलं सी-४६ विमान शोधायला एका अमेरिकन संशोधकाने मोहीम काढली. विमान सापडलं, शेपटीवरच्या क्रमांकावरून ओळखही पटली आणि २०२२ च्या जानेवारीत जगभर बातमी झाली. पण त्या शोधात आधी एकदा अवेळी बर्फ पडून तीन स्थानिक वाटाडे थंडीने दगावले होते. माँ ब्लाँवर पायो गेला तो जिवंत माणसं सापडतील या पुसट आशेवर. हे तिघे गेले ते पाऊणशे वर्षांपूर्वी मेलेल्यांसाठी. मृतांना घरी आणणं हे मोठं काम आहेच, पण त्यासाठी किती जिवंत माणसं पणाला लावायची, हा हिशेब मोहीम निघण्याआधी मांडला जायला हवा. तो मांडण्यात वाटाड्यांनाही बोलायला जागा हवी.

परत आणणं आणि वापरून टाकणं यांखेरीज तिसरा मार्ग इंग्लंडमध्ये दिसतो. पीक डिस्ट्रिक्टच्या ब्लीकलो पठारावर ३ नोव्हेंबर १९४८ ला अमेरिकेचं ‘ओव्हर एक्सपोज्ड’ हे बी-२९ विमान धुक्यात आदळलं, तेरा जण गेले. बिकिनी बेटावरच्या अणुचाचणीची छायाचित्रं घेण्याच्या कामात ते विमान होतं. देह तेव्हाच खाली आणले गेले, इंजिनं आणि चाकं मात्र आजही तिथेच पठारावर पसरलेली आहेत. लोक चालत जातात, फुलं ठेवतात, परत येतात. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने लष्करी विमानांच्या अवशेषांना संरक्षण आहे. परवान्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही.

भारतात या विषयाला वाहिलेला असा सुटसुटीत कायदा नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आहे, तो जमिनीत दडलेल्या धनाचा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं असं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. हिमनदीवरच्या इंजिनाला तो लावणं म्हणजे ओढाताण. विमान अपघाताच्या चौकशीचे नियम मात्र आहेत. त्यांनुसार अपघातग्रस्त विमान केंद्र सरकारच्या अनुमतीशिवाय हलवता किंवा हाताळता येत नाही. वायुसेनेचं विमान तर वायुसेनेचंच राहतं, कितीही वर्षं लोटली तरी.

हे सगळं इथे, महाराष्ट्रात सांगायचं कारण साधं आहे. दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांचे चमू मनालीमार्गे लाहौल-स्पितीत, काही अरुणाचलात जातात. हिमनद्या आक्रसत आहेत, म्हणजे बर्फाने धरून ठेवलेल्या गोष्टी आधीपेक्षा लवकर उघड्या पडणार आहेत. त्यांतल्या एखादीशी गाठ मराठी गिर्यारोहकाची पडू शकते. म्हणून काही गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या.

पत्रा, नळी, चाक दिसलं तर पहिल्यांदा थांबायचं. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या काही तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग असे. तो अजून किरणोत्सारी असतो, नखाने खरवडायचा नाही. दाबाखालचे सिलिंडर, न फुटलेला दारूगोळा, धारदार पत्रा हे धोके वेगळेच. देहाचा भाग दिसला तर झाकायचाही नाही, हलवायचा तर नाहीच. कुठला अवयव कुठल्या वस्तूशेजारी होता, यावरून पुढे ओळख पटते.

मग नोंद घ्यायची. फोनमधल्या जीपीएसवरून अक्षांश-रेखांश आणि उंची. दुरून एक फोटो, ज्यात मागचा कडा ओळखू येईल. जवळून फोटो, शेजारी काठी किंवा हातमोजा ठेवून, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. विमानाच्या पुष्कळ भागांवर बोटभर लांबीची, रिव्हेटने ठोकलेली धातूची पट्टी असते. तिच्यावर कारखान्याचं नाव आणि अनुक्रमांक कोरलेला असतो. रंग उडून जातो, कोरीव आकडे बहुधा टिकतात. ‘स्टार डस्ट’पासून ‘हंप’पर्यंत ओळख पटवताना अशा क्रमांकांचा आधार घेतला गेला. ही पट्टी वाचायची, तिचा फोटो काढायचा आणि ती जागच्या जागी सोडायची. आठवण म्हणून ती पिशवीत घातली, की त्या विमानाचं नाव कुणाच्या तरी कपाटात जाऊन बसलं.

खाली आल्यावर बातमी समाजमाध्यमावर टाकण्याआधी पोलिसांना, जिल्हा प्रशासनाला आणि जवळच्या लष्करी ठाण्याला कळवायचं. नाव, गाव, संस्था लिहून द्यायची आणि पोच घ्यायची. मृतांच्या घरी ही बातमी फोनवरच्या फोटोतून पोहोचू नये, एवढी काळजी घ्यायची. लाहौलच्या बाजूला काही दिसलं, तर मनालीच्या गिर्यारोहण संस्थेलाही कळवावं. १९६८ च्या त्या विमानाची फाईल २००३ मध्ये पुन्हा उघडली ती त्यांच्याच मोहिमेच्या निरोपावरून.